डोकेदुखीच्या गोळीआधी डोळ्याचा पडदा

बमरोली, पांडेसरा, उधना या सुरतेच्या लूमपट्ट्यात धुळे-नंदुरबार-जळगावकडची कितीतरी कुटुंबं राहतात. घरातली बाई ‘डोकं दुखस’ म्हणाली की मेडिकलमधून गोळी येते. मग चष्म्याचा नंबर निघतो, पुढे पित्त नाहीतर मायग्रेन ठरतं. बहुतेकदा ते खरंही असतं. पण काही जणींच्या मेंदूभोवतीच्या पाण्याचा दाब वाढलेला असतो आणि गोळ्यांवर काढलेल्या दिवसांत त्यांची नजर चाललेली असते.

हे पाणी एका वेळी सुमारे १५० मिलिलिटर असतं. रोज अर्धा लिटर नवं तयार होतं आणि शिरांवाटे रक्तात जिरतं. निचरा अडला की दाब चढतो, कारण कवटीला ताणायला वाव नसतो. कारण कधी गाठ असते, कधी क्षयाचा मेंदूज्वर, कधी शिरेत गोठलेलं रक्त. नुकत्याच बाळंत झालेल्या बाईचं डोकं दुखलं तर ही शेवटची शंका आधी घ्यावी, असं मला आग्रहाने सांगायचं आहे. कधी मात्र काहीच सापडत नाही. हा प्रकार प्रामुख्याने तरुण, वजन वाढलेल्या स्त्रियांत दिसतो. मुरमांसाठी दिलेल्या टेट्रासायक्लिन गटातल्या औषधांनीही तो होऊ शकतो. वॉल्टर डँडी या शल्यचिकित्सकाने १९३७ साली असे २२ रुग्ण नोंदवले. गाठीची सगळी लक्षणं, आणि गाठ नाही. म्हणून ‘एमआरआय नॉर्मल’ ऐकून निर्धास्त होऊ नये.

खुणा साध्या आहेत. बादली उचलायला वाकलं की काही क्षण डोळ्यांपुढे अंधार येतो. एकाच्या जागी दोन दिसतात. कानात नाडीच्या ठेक्यावर घूं-घूं चालते. लूमच्या खडखडाटात ती कळत नाही, रात्री उशीला डोकं टेकलं की कळते.

तपासाची सुरुवात डोळ्यात थेंब घालून पडदा पाहण्यापासून व्हावी. दृष्टिनसेचं तोंड दोन्ही डोळ्यांत सुजलेलं, कडा पुसट झालेली दिसली की आधी रक्तदाब मोजायचा, कारण तो फार चढला तरी अशीच सूज येते. मग शिरांच्या चित्रणासह एमआरआय. त्यात धोका नसेल तरच पाठीतलं पाणी सुईने काढून तपासायचं. या तपासणीने लकवा होतो, ही भीती घरोघर आहे. पण सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली जाते. नंतर काही दिवस डोकं दुखू शकतं, एवढं खरं. कुशीवर झोपवून, पाय सैल सोडायला लावून दाब मोजतात. प्रौढात २५० मिलिमीटर पाण्याच्या वर गेला तर तो वाढलेला. पाठीत सुई घालून पाणी काढण्याची ही वाट क्विंके या डॉक्टरांनी १८९१ मध्ये दाखवली.

कारण सापडलं नाही तर वजन उतरवणं आणि ॲसिटाझोलामाइड हे मुख्य उपचार. नजर झपाट्याने ढासळत असेल तर शस्त्रक्रिया. मजुरा गेटची नवी सिव्हिल आणि महापालिकेचं स्मीमेर, दोन्ही सरकारी वैद्यकीय सोयी शहरातच आहेत. तिथे नुसता अक्षरांचा तक्ता वाचून परतू नये. हा आजार आधी बाजूची नजर खातो. मधली शाबूत असल्याने शेवटची ओळही वाचता येते. त्यामुळे दर खेपेला दृष्टिक्षेत्राची, म्हणजे फील्डची, तपासणी मागून घ्यावी.