परदेशात गाडी भाड्याने घेताय? मग तुमचेही नाव घाला!

कागल मागे पडले, दूधगंगेचा पूल ओलांडला की आपण कर्नाटकात. कोगनोळीला टोल भरायचा आणि निपाणीच्या रस्त्याला लागायचे. घरची गाडी असेल तर सहसा कुणी विचारतसुद्धा नाही. पण भाड्याची टॅक्सी असली, की तिकडचा परवाना आहे का, कर भरला आहे का, हे प्रश्न आलेच. रस्ता तोच, पूल तोच. गाडी कुणाची आणि कोणत्या कागदावर, यावर सगळे ठरते.

परदेशी विमानतळावर उतरून गाडी भाड्याने घ्यायची आणि शेजारच्या देशात जायचे, तर न्याय हाच. फरक इतकाच, की तिथे चूक फ्रँकमध्ये नाहीतर युरोत मोजावी लागते.

आपल्याकडच्या कितीतरी घरांतली मुले आता तिकडे आहेत. दोन महिने जाऊन राहायचे, जमल्यास आजूबाजूचे देश पाहायचे, असा बेत ठरतो. तिकिटे, व्हिसा, लाडू-चटण्या सगळे आपण बघतो. गाडीचा विषय निघाला की मात्र “ते यांचं काम” म्हणून मोकळ्या होतो. अहो, पण रोज शाहूपुरीतून, महाद्वार रोडच्या गर्दीतून गाडी काढणारी बाई तिकडे नुसती शेजारी बसून नकाशा का बघेल?

तर सुरुवात कोल्हापुरातच करायची. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आपल्या आरटीओतून मिळतो. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर अर्ज भरायचा, फी 1000 रुपये, मुदत एक वर्षाची. यजमानांचा काढाल तेव्हा स्वतःचाही काढा. आणि मूळ परवाना घरी कपाटात ठेवून जाऊ नका. हे पुस्तक त्याच्या सोबतच चालते, एकटे नाही.

आता प्रत्यक्ष विमानतळ. उदाहरणाला बासेलचा घेऊ, कारण सरहद्दीची गंमत तिथे जितकी दिसते तितकी क्वचितच कुठे दिसेल. बासेल शहर स्वित्झर्लंडचे, पण विमानतळ पूर्णपणे फ्रान्सच्या जमिनीवर. दोन्ही देशांनी 1949 साली करार करून तो मिळून चालवायला घेतला. इमारत एकच, पण बाहेर पडायची दारे दोन: एक स्विस बाजूचे, एक फ्रेंच बाजूचे. गाड्या भाड्याने देणाऱ्यांचे काउंटर दोन्हीकडे. स्विस बाजूची गाडी स्विस नंबरची, फ्रेंच बाजूची फ्रेंच नंबरची. फ्रेंच बाजूचे भाडे पुष्कळदा कमी असते आणि आपण बायका दर बघितल्याशिवाय राहतोय थोड्याच! पण थांबा.

स्विस महामार्गावर जायचे तर ‘विन्येट’ लागते. म्हणजे वर्षाचा रस्ताकर, 40 फ्रँक. एक दिवस जा नाहीतर वर्षभर, रक्कम तीच. स्विस गाडीला ते आधीच असते, फ्रेंच गाडीला आपण घ्यायचे. 2023 पासून ते ऑनलाइनही मिळते. न घेता सापडलात तर दंड 200 फ्रँक, वर विन्येटचे पैसे वेगळे. हिवाळ्यात बर्फाचे टायर आहेत का, हेही फ्रेंच बाजूला मुद्दाम विचारायचे. हे सगळे धरून मग स्वस्त-महाग ठरवा.

परत देतानाही गाडी ज्या बाजूची त्याच बाजूला न्यायची. स्विस बाजूला जायचा रस्ता बासेलहून येणारा, दोन्हीकडून कुंपण घातलेला आहे. फ्रेंच बाजूचा रस्ता निराळा. विमानाची वेळ झालेली आणि समोर इमारत दिसते पण पोचता येत नाही, अशी फजिती नको. तास-दीड तास हाताशी ठेवा.

आणखी एक पेच मुलांचा. पर्यटक म्हणून आलेल्या आपल्याला अडचण नाही, पण जर्मनीत किंवा फ्रान्समध्ये राहणाऱ्या मुलाने स्विस नंबरची भाड्याची गाडी आपल्या देशात चालवायची, तर त्याला कस्टमची बंधने लागतात. स्वित्झर्लंडमध्ये राहणाऱ्याला फ्रेंच गाडीबाबतही तसेच. शेंगेन व्हिसामुळे माणसाला सरहद्द उरली नाही, गाडीला मात्र आहे! अशा वेळी मुलगा मागे बसेल आणि गाडी आई चालवील.

पण ती चालवायला तिचे नाव करारात हवे. माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचे हेच. काउंटरवर ‘दुसरा चालक’ म्हणून तुमचे नाव, परवाना दाखवून लिहून घ्या. रोजचे थोडे जादा भाडे पडते. “कशाला उगीच पैसे?” असे घरात म्हटले जाईल; म्हणू द्या. नाव नसताना तुम्ही चाकावर बसलात आणि धडक झाली तर विमा हात वर करतो आणि सगळी नुकसानी तुमच्या अंगावर येते. उलट्या बाजूची वाहतूक, विमानात झोप नाही, आणि एकट्या माणसाने पाचशे किलोमीटर हाकायचे, हे शहाणपणाचे नव्हे.

त्याच काउंटरवर विचारायचे: कोणकोणत्या देशांत ही गाडी न्यायला परवानगी आहे? तोंडी “हो हो” नको, करारावर लिहून हवे. महागड्या गाड्या काही देशांत नेऊ देत नाहीत. एका देशात घेऊन दुसऱ्या देशात सोडायची तर वेगळा आकार लागतो, आणि तो कधीकधी भाड्याहून मोठा असतो. अपघात झाल्यास आपल्या खिशातून किती, हा आकडाही वाचून घ्या. अनामत बहुतेक ठिकाणी मुख्य चालकाच्या नावाच्या क्रेडिट कार्डावरच अडकवतात. डेबिट कार्ड पुष्कळदा चालत नाही. क्लच-गिअरची सवय डाव्या हाताची असेल तर ऑटोमॅटिक गाडी आधीच सांगून ठेवा.

नातवंडे बरोबर असली तर त्यांची खुर्ची हवीच. स्वित्झर्लंड-जर्मनीत 12 वर्षे किंवा 150 सेंटिमीटर उंची होईपर्यंत ती सक्तीची. मांडीवर घेऊन बसायची आपली सवय तिथे नको. फ्रान्समध्ये चमकणारे जाकीट आणि त्रिकोणी फलक गाडीत लागतो. आहे का ते डिकी उघडून बघा. त्याच वेळी गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढा, चरे-पोचे करारावर लिहून घ्या.

गाडी परत दिली म्हणून कागद लगेच फेकू नका. वेगाचा दंड महिन्या-दोन महिन्यांनी घरी पोचतो, आणि तुमचे नाव पोलिसांना कळवल्याबद्दल कंपनी आपले पैसे कार्डावरून निराळे कापून घेते.