व्हिसाच्या फीमधला शाळेचा वाटा

माझ्या एच-वन-बी व्हिसासाठी कंपनीने अमेरिकी सरकारकडे जी फी भरली, त्यात १५०० डॉलरची एक वेगळी रक्कम होती. आम्हा न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींचा चहा व्हिसाच्या गप्पांशिवाय होत नाही, पण हे पैसे पुढे जातात कुठे, ते कुणी विचारत नाही. निम्मे जातात अमेरिकी कामगारांच्या प्रशिक्षणाला. ४५० डॉलर इथल्या गरीब घरच्या विज्ञान-इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीला, १५० शाळकरी मुलांच्या विज्ञान-गणिताच्या उपक्रमांना. उरलेले सरकारी कारभारात. १९९८ साली व्हिसांची मर्यादा ६५ हजारांवरून तात्पुरती वाढवली, तेव्हाच ही फी लागली. तेव्हा ती ५०० होती. हिशेब सरळ होता: आपली पोरं तयार होईपर्यंत बाहेरून माणसं आणा, आणि पोरांच्या तयारीचा खर्च त्यातूनच काढा.

पोरं कच्ची आहेत ही ओरड त्याआधीची. १९८३ मध्ये रेगन सरकारच्या आयोगाने शाळांच्या घसरलेल्या दर्जामुळे देशच धोक्यात आल्याचा अहवाल दिला. २००२ मध्ये धाकट्या बुशनी कायदा केला: तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन आणि गणिताची परीक्षा, आणि २०१४ पर्यंत झाडून सगळी मुलं पास. मेख अशी, की परीक्षा राज्याची आणि पासाची रेषाही राज्यानेच आखायची. रेषा खाली ओढली की निकाल वर जातो. दहावीचे निकाल बघत आलेल्यांना हे समजावून सांगायला नको. शंभर टक्के काही झालं नाही. २०१५ मध्ये तो कायदा बदलला, वार्षिक परीक्षा मात्र राहिली.

ती यंदा माझ्या चौथीतल्या मुलीने दिली. निकालाच्या कागदावर ६५० ते ८५० अशी पट्टी, ७५० ला अपेक्षेइतकं आलं असं समजायचं, शेजारी शाळेची, जिल्ह्याची, राज्याची सरासरी. सांगलीहून आईने फोनवर विचारलं, ‘‘टक्के किती पडले?’’ म्हटलं, इथे टक्के नसतात. ‘‘मग नंबर कितवा?’’ तोही नसतो. ‘‘म्हणजे निकाल लागलाच नाही की!’’

आईचं सोडा, पण सरासरीवरून भलतेच निष्कर्ष काढणारे इथेही कमी नाहीत. २०२२ च्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय परीक्षेत अमेरिकेला गणितात ४६५ गुण होते, सिंगापूरला ५७५. असे आकडे दाखवून ‘म्हणूनच परदेशी इंजिनिअर हवेत’ म्हणणं सोपं असतं. मग भारताचं काय? त्याच परीक्षेच्या २००९ च्या फेरीत हिमाचल प्रदेश आणि तमिळनाडू बसले होते. चौऱ्याहत्तर जणांत गणितात त्यांच्याखाली फक्त किर्गिझस्तान. २०२२ पर्यंतच्या पुढच्या एकाही फेरीला भारत बसला नाही. आणि एच-वन-बीचे सत्तर टक्क्यांहून जास्त मंजूर अर्ज भारतात जन्मलेल्यांचे!

याचा अर्थ एवढाच, की विमानात बसतो तो सरासरी विद्यार्थी नसतो, अफाट गर्दीतून गाळून वर आलेला असतो. तसे वरचे विद्यार्थी अमेरिकेतही भरपूर आहेत. कंपन्या आम्हाला घेतात त्याची कारणं माझ्या मते शाळेबाहेर शोधावीत. आम्ही अनेकदा स्वस्त पडतो, आणि सहजी सोडून जात नाही. नवी नोकरी धरायची तर नव्या कंपनीने पुन्हा अर्ज करायचा. नोकरी गेली तर जास्तीत जास्त साठ दिवसांची मुदत. ग्रीनकार्डाच्या रांगेत भारतीयांचा नंबर कधी लागेल, ते देव जाणे.

तरी शाळांच्या नावाने घेतलेल्या त्या पैशांबद्दल माझी तक्रार नाही. ते माझ्या मुलीच्या वर्गातल्याही कुणाच्या कामी येतील. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्प यांनी देशाबाहेरून येणाऱ्या नव्या अर्जदारांसाठी एक लाख डॉलरची रक्कम लावली. त्या घोषणापत्रात शाळांसाठी एक डॉलरही राखून ठेवलेला नाही.