पाच एमएल म्हणजे नेमकं किती? पाळणाघरात औषध देताना

ज्यांना हेडफोन लावायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलतानाचे थोडे "म्हणजे" आणि "काय तर" कापलेत, बाकी जसंच्या तसं.

आज माझ्याच चुकीपासून सुरुवात करते. माझी लेक अडीच वर्षांची, वजन १२ किलो. एका सोमवारी सकाळी अंग कोमट लागलं. साडेआठला पॅरासिटामॉलचं सिरप दिलं, पाच एमएल. ऑफिसात मीटिंग होती. घरातली बाटली संपत आलेली, म्हणून कपाटातली दुसरी बॅगेत टाकली आणि पाळणाघराच्या काकूंना घाईघाईत म्हटलं, "ताप वाटला तर पाच एमएल द्या हं." सकाळी एक डोस दिलाय, हे सांगायचं राहूनच गेलं.

अकराला काकूंचा फोन. "अगं, अंग तापलं होतं तिचं. दिलं मी औषध, तू सांगितलंस तेवढंच."

काकूंचं काहीच चुकलं नव्हतं. चूक माझी होती, आणि तीही दुहेरी. एक तर दोन डोसमध्ये फक्त अडीच तास गेले होते. दुसरं म्हणजे बॅगेतली बाटली पुतण्याची होती. तो सात वर्षांचा, त्यामुळे औषध दुप्पट तीव्रतेचं.

एमएल सारखे, औषध वेगळं

हे गणित एकदा समजून घ्या. पॅरासिटामॉल आपल्याकडे लहान मुलांसाठी साधारण तीन प्रकारांत मिळतं. एका सिरपमध्ये ५ एमएलला १२० किंवा १२५ मिलिग्रॅम औषध असतं. दुसऱ्यात ५ एमएलला २५०. आणि ड्रॉप्समध्ये एका एमएललाच १००! म्हणजे ड्रॉप्स कुणी सिरप समजून पाच एमएल पाजले, तर बाळाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम जातील.

डॉक्टर डोस वयावर नाही, वजनावर ठरवतात. पॅरासिटामॉलचा नेहमीचा हिशोब किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. दोन डोसमध्ये किमान चार ते सहा तास आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत. माझ्या लेकीला एका वेळी १२० ते १८० मिलिग्रॅम पुरतात. तिला अडीच तासांत ३७० गेले होते.

डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, "आज एवढ्यानं काही होणार नाही. रात्रीपर्यंत पुढचा डोस देऊ नकोस. पण हेच दोन-तीन दिवस चाललं असतं, तर लिव्हरवर आलं असतं." फोन ठेवल्यावर मी पाच मिनिटं जिन्यातच बसून राहिले.

आता आम्ही काय करतो

पहिली गोष्ट, डॉक्टरांना विचारायचं की औषध पाळणाघरात द्यावंच लागेल का? काही अँटिबायोटिक दिवसातून दोनदाच असतात, ते सकाळ-संध्याकाळ घरीच होतात. नवीन औषधाचा पहिला डोसही घरीच द्यायचा. पुरळ किंवा उलटी झाली तर आपल्या डोळ्यांसमोर होते.

द्यावंच लागलं, तर मूळ बाटली लेबलसकट पाठवायची. दुसऱ्या डबीत ओतून नाही. सोबत चिठ्ठी: मुलाचं नाव, वजन, औषधाचं नाव, ५ एमएलमध्ये किती मिलिग्रॅम, किती एमएल द्यायचं, किती वाजता, आणि *शेवटचा डोस कधी दिलाय*. ही शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. लेबलचा आणि चिठ्ठीचा फोटो काकूंना व्हॉट्सॲप करा. डोस दिला की त्यांनी वहीत वेळ लिहून सही करायची आणि आपल्याला मेसेज टाकायचा.

घरचा चमचा वापरू नका, प्रत्येक घरचा चमचा वेगळा. बाटलीसोबतचं मापाचं झाकण किंवा बिनसुईची सिरिंज घ्या. मुलाला बसवून, सिरिंज गालाच्या आतल्या बाजूला ठेवून हळूहळू सोडा. आडवं झोपवून, नाक दाबून पाजलं तर ठसका लागतो. दुधाच्या बाटलीत औषध मिसळू नका. अर्धं दूध उरलं तर औषध किती गेलं हे कुणालाच कळत नाही. उलटी झाली तर काकूंनी मनानं पुन्हा न देता आधी फोन करायचा. आणि औषधाला "चॉकलेट" म्हणायचं नाही. एक दिवस पोरं ते स्वतःच शोधून पितात.

खोकल्याचं औषध? थांबा

२०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या एका सिरपमुळे लहान मुलं दगावली. त्यातल्या काहींवर आपल्या नागपुरात उपचार झाले होते. सिरपमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे मूत्रपिंड निकामी करणारं रसायन सापडलं. ऑक्टोबरमध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं सूचना काढली: दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत, आणि पाच वर्षांखाली ती सहसा देऊच नयेत. त्यामुळे मागच्या वेळची उरलेली बाटली बॅगेत टाकताना दहा वेळा विचार करा.

औषधाच्या पलीकडे

मूल सुस्त पडलंय, पाणीही पीत नाही, श्वास जोरजोरात चाललाय किंवा झटका आला, तर तिथे डोसचा हिशोब करत बसू नका. काकूंनी आधी १०८ ला फोन करायचा, मग आपल्याला. हे आधीच बोलून ठेवा.

आणि खरं सांगू? सकाळी औषध पाजून, ताप दाबून मूल पाळणाघरात सोडणं आपण सगळेच करतो. सुट्टी मिळत नाही, बॉसचा चेहरा आठवतो. पण औषधाचा असर उतरला की ताप परत वर येतो, आणि तेव्हा दहा पोरांमध्ये एकट्या काकू असतात. निदान त्यांच्यापासून लपवू नका. मी लपवलं नव्हतं, फक्त सांगायचं विसरले होते. लेकीच्या पोटाला त्यातला फरक थोडाच कळतो!

आज एवढंच करा. घरातल्या औषधाच्या बाटल्या काढा आणि प्रत्येकीवर ५ एमएलमध्ये किती मिलिग्रॅम ते वाचा. पुढच्या भागात भेटूच. काळजी घ्या!