'मोरॉन' हा शब्द आला कुठून?

'इडियट', 'इम्बेसाइल' आणि 'मोरॉन' हे इंग्रजी शब्द आज फक्त शिव्या म्हणून उरले आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मात्र ते शास्त्रीय परिभाषेतले शब्द होते. डॉक्टर ते मुलांच्या नोंदपत्रकावर लिहीत, आणि त्या एका शब्दावर मुलाचं पुढचं आयुष्य ठरून जाई.

ग्रीक भाषेत 'इडिओस' म्हणजे स्वतःचा, खाजगी. त्यावरून 'इडिओटेस' म्हणजे सार्वजनिक कारभारात पद नसलेला किंवा एखाद्या विद्येत तज्ज्ञ नसलेला साधा माणूस. वैद्याच्या दृष्टीनं वैद्य नसलेले आपण सगळेच इडिओटेस! इंग्रजीत पोचेपर्यंत या साध्या माणसाचा अडाणी झाला आणि अडाण्याचा बुद्धिहीन. 'इम्बेसाइल' लॅटिनमधून आला. त्याचा मूळ अर्थ अशक्त, दुबळा. इंग्रजीतही तो आधी शरीराच्या दुबळेपणासाठी वापरत.

'मोरॉन'ची गोष्ट वेगळी आहे. त्याचा जन्म कुठल्याही बोलीत झालेला नाही, तो १९१० साली मुद्दाम घडवला गेला.

त्याआधी फ्रान्समध्ये काय घडलं ते पाहू. शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना वेगळी मदत द्यायची तर ती मुलं ओळखायची कशी, या प्रश्नावर आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये एक चाचणी तयार केली. १९०८ च्या सुधारित चाचणीत 'मानसिक वय' ही कल्पना आली. बुद्धी ही जन्मभर न बदलणारी राशी आहे, हे बिनेंना अजिबात मान्य नव्हतं. शिकवून ती वाढवता येते, असं ते म्हणत.

अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या व्हाइनलँडच्या संस्थेत काम करणाऱ्या हेन्री गोडार्ड यांनी ही चाचणी उचलली; बिनेंचा हा विचार मात्र घेतला नाही. त्यांच्या मते मंदबुद्धी आनुवंशिक होती. मोठ्या माणसाचं मानसिक वय दोन वर्षांपर्यंत असेल तर तो 'इडियट', तीन ते सात असेल तर 'इम्बेसाइल', अशी त्यांची वर्गवारी. आठ ते बारा असलेल्यांना नाव नव्हतं. ही माणसं चारचौघांसारखी दिसतात, बोलतात, म्हणूनच समाजाला त्यांचा धोका जास्त, असं गोडार्डना वाटे. त्यांच्यासाठी त्यांनी ग्रीक 'मोरोस' (बोथट, मूर्ख) या शब्दावरून 'मोरॉन' बनवला. (विरोधाभासासाठीचा 'ऑक्सिमोरॉन' हा शब्दही याच कुळातला. 'ऑक्सिस' म्हणजे तीक्ष्ण, तेव्हा तीक्ष्ण-बोथट!)

नाव मिळालं की वस्तू खरी वाटू लागते. व्हर्जिनिया राज्यानं १९२४ मध्ये अशा लोकांची सक्तीनं नसबंदी करायचा कायदा केला. कॅरी बक या तरुणीचं प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. चाचणीत तिचं मानसिक वय नऊ भरलं होतं, म्हणजे गोडार्ड यांच्या तक्त्याप्रमाणे ती 'मोरॉन'. न्यायमूर्ती होम्स यांनी १९२७ च्या निकालात तिला, तिच्या आईला आणि तान्ह्या मुलीलाही 'इम्बेसाइल' ठरवलं आणि नसबंदीला मान्यता दिली. शास्त्रीय म्हणवणारी परिभाषा न्यायालयात इतकी सैल वापरली गेली. त्या मुलीचं, व्हिव्हियनचं, पुढे काय झालं? ती शाळेत गेली. १९३१ मध्ये तिचं नाव शाळेच्या गुणवंतांच्या यादीत होतं. पुढच्याच वर्षी, आठ वर्षांची असताना, ती आजारपणात वारली.

हे शब्द शिव्या झाल्यावर त्यांच्या जागी 'रिटार्डेड' आला. त्याचा अर्थ नुसता 'विलंब झालेला', तेव्हा सौम्यच. तोही यथावकाश शिवी झाला. २०१० च्या कायद्यानं अमेरिकेनं तो आपल्या संघराज्याच्या कायद्यांतून काढला. भारतात १९९५ च्या अपंगविषयक कायद्याच्या इंग्रजी मसुद्यात त्याचं नामरूप होतं. २०१६ च्या कायद्यात त्याजागी बौद्धिक अक्षमता या अर्थाचा शब्द आला. 'मतिमंद'चा प्रवास तुम्ही शाळेच्या मैदानावर ऐकलाच असेल.

उलट दिशेची उदाहरणंही आहेत, पण थोडी. 'स्मार्ट' म्हणजे मुळात झोंबणारा; जखम झोंबते तेव्हा इंग्रजीत आजही तेच क्रियापद वापरतात. बोचण्यावरून चलाख, आणि चलाखीवरून हुशार. 'डन्स' मात्र घसरलाच. जॉन डन्स स्कॉटस हा १३०८ मध्ये वारलेला नामांकित तत्त्वज्ञ. सोळाव्या शतकात नव्या विद्येच्या पुरस्कर्त्यांनी त्याच्या अनुयायांची टर उडवली, आणि एका विद्वानाचं नाव वर्गातल्या मागच्या बाकावर जाऊन बसलं. आपल्याकडे तिथे 'ढ' बसतो. ब्राह्मी लिपीपासून ज्याचं वळण फारसं बदललं नाही ते अक्षर, म्हणून पुढे न सरकणारा मुलगा 'ढ', अशी त्याची उपपत्ती सांगतात. अशोकाच्या शिलालेखांतला ढ वर्गात फळ्यावर काढून दाखवा. मुलं तो चटकन ओळखतात.