पेटी गाडीवर बांधताना

जून-जुलै महिना आला की बीड जिल्ह्यातल्या कोणत्याही रस्त्यावर एक दृश्य हमखास दिसते. बाप मोटारसायकल चालवतो आहे, मागे मुलगा किंवा मुलगी बसली आहे आणि दोघांच्या मध्ये, नाहीतर मुलीच्या मांडीवर, नाहीतर मागच्या दांडीला दाव्याने आवळलेली पत्र्याची पेटी आहे. वसतिगृहात प्रवेश मिळालेला असतो. पेटीत वह्या-पुस्तके, दोन ड्रेस, ताट-वाटी, आईने बांधून दिलेली शेंगदाण्याची चटणी आणि वरच्या झाकणाला आतून चिकटवलेला बाबासाहेबांचा फोटो.

ही पेटी आपल्या समाजाला नवी नाही. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले. तेव्हापासून मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतली पोरे डोक्यावर पेटी घेऊन एसटीच्या थांब्यापर्यंत चालत गेली. आज दारात हप्त्यावर घेतलेली का होईना, आपली गाडी आहे. मागच्या मडगार्डवर निळ्या अक्षरात 'जय भीम' लिहिलेले आहे. ही साधी गोष्ट नाही. पण पेटी गाडीवर नीट कशी बसवावी, हे आपल्याला कोणी शिकवलेले नाही आणि आपण कोणाला विचारतही नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

वाहनाच्या बाबतीत आपल्या समाजाचा एक जुना अनुभव बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. १९२९ साली मुंबई सरकारच्या एका समितीचे सदस्य म्हणून ते खानदेशात गेले होते. धुळ्याहून परतताना चाळीसगावला उतरले. वस्तीतल्या लोकांना त्यांना एक रात्र ठेवून घ्यायचे होते. स्टेशनवरचा एकही टांगेवाला त्यांना नेण्यास तयार होईना. साहेबांना पायी कसे न्यायचे, हा वस्तीचा प्रश्न. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, पण हाकणारा आपल्यातलाच, ज्याने कधी टांगा हाकलेला नव्हता. वाटेत मोटारीशी टक्कर होता होता राहिली. पुढे नदीवरच्या फरशी पुलावर चाक दगडात अडकले, बाबासाहेब फेकले गेले आणि पायाचे हाड मोडले. सन्मान राखण्यासाठी लोकांनी जिवाचा धोका पत्करला, असे त्यांनी त्या प्रसंगाबद्दल नोंदवले आहे. दोष त्यांनी त्या भाबड्या माणसांना दिला नाही. ज्या व्यवस्थेने टांगा नाकारला, तिला दिला.

आज टांगा नाकारणारा कोणी नाही. गाडी आपली, हाकणारे आपण. म्हणून आता धोका उरला तर तो आपल्या बांधणीतला.

आधी वजनाचा हिशेब करू. गाडी घेताना जे पुस्तक मिळते ते आपण कपाटात टाकून देतो. त्यात ती गाडी एकूण किती भार वाहू शकते ते छापलेले असते. समजा तो आकडा १३० किलो आहे. बाप ६५ किलोचा, मुलगी ४५ किलोची, झाले ११०. उरले २०. रिकामी पेटीच पाच-सात किलोची असते. त्यात अकरावी-बारावीची पुस्तके, गादी-सतरंजी आणि दहा किलो ज्वारी टाकली की हिशेब कोलमडला. पुस्तके दिसायला लहान, पण कपड्यांपेक्षा कितीतरी जड, हे पेटी भरताना लक्षात येत नाही, उचलताना येते.

दुसरी गोष्ट वजन किती यापेक्षा कुठे आहे याची. मागच्या चाकाच्या आसाच्या पाठीमागे जितके वजन जाईल, तितके पुढचे चाक हलके होते. तराजूसारखेच आहे हे. पुढचे चाक हलके झाले की हँडल लळत-लोंबत चालते, खड्ड्यात डुगडुगते आणि चढाला ऐकेनासे होते. मांजरसुंब्याच्या घाटात किंवा धारूरच्या अरुंद घाटात समोरून उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन आला तर गाडी इंच-इंच कडेला घ्यावी लागते. तिथे हँडल ऐकले नाही तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून पेटी शक्य तितकी पुढे, सीटला चिकटून आणि खाली असावी. पेटी भरताना पुस्तके तळाला आणि सीटकडच्या बाजूला, कपडे वर आणि मागे ठेवावेत.

पेट्रोलच्या टाकीवर पेटी ठेवणारेही पुष्कळ आहेत. त्यांना वाटते वजन पुढे आले, बरे झाले. पण हँडल वळवले की पेटीचा कोपरा अडतो आणि वळण अर्ध्यात राहते. टाकीवर पेटी नकोच.

आता बसवण्याकडे येऊ. मोटारसायकलच्या मागे धरायला जी दांडी असते, ती बसणाऱ्याने हाताने धरण्यासाठी आहे. त्या एका दांडीवर पंचवीस-तीस किलोची पेटी लटकवली की खड्ड्यागणिक ती वाकते आणि एक दिवस वेल्डिंगच्या जोडात तुटते. यासाठी लोखंडी कॅरिअर बसवावे. गॅरेजवाल्या मिस्त्रीकडे त्या-त्या गाडीचे तयार कॅरिअर मिळते. नसेल तर वेल्डिंगवाल्याकडून चौकोनी पाइपचे करून घ्यावे. मात्र एक अट घालावी. कॅरिअर गाडीला वेल्डिंग करून चिकटवायचे नाही, नट-बोल्टने बसवायचे. चेसिसला मुळातच जी बोल्टची जागा आहे, म्हणजे दांडीचे बोल्ट आणि शॉकअपचा वरचा बोल्ट, तिथेच पट्ट्या घ्यायच्या. दोन्ही बाजूंनी मिळून किमान चार ठिकाणी पकड हवी. शॉकअपच्या बोल्टला पट्टी घेतली तर बोल्ट तेवढा लांब घ्यावा, नाहीतर नट दोन आट्यांवरच लटकतो. चेसिसवर वेल्डिंगची आच लागली की ती जागा कच्ची होते. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ मधील कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही. कॅरिअरचे वेल्डिंगही गाडीपासून वेगळे ठेवून करावे. गाडीवर बसवूनच ठिणग्या पाडणारा मिस्त्री भेटला तर त्याला आधी बॅटरीची वायर काढायला लावावी.

पेटी कॅरिअरवर कायमची बसवायची असेल, उदाहरणार्थ विक्रीचा माल किंवा विहाराचे साहित्य नेण्यासाठी, तर नुसते भोक पाडून बोल्ट ठोकू नये. पेटीचा पत्रा पातळ असतो. हादऱ्यांनी भोक मोठे होत जाते आणि पेटी बोल्टमधून निसटते. आतल्या बाजूने तळाला दोन लोखंडी पट्ट्या आडव्या टाकाव्यात, खाली कॅरिअरची पट्टी, मध्ये पत्रा, म्हणजे पत्रा दोन पट्ट्यांत दाबला जातो. मध्ये जुन्या टायरच्या रबराचा तुकडा घालावा. पत्रा खडखडत नाही आणि हादराही कमी पोचतो. आठ मिलिमीटरचे चार बोल्ट, स्प्रिंग वायसर आणि लॉक नट वापरावेत. साधा नट गाडीच्या थरथरीने सैल होतोच. बसवून झाल्यावर आठ-दहा दिवसांनी पुन्हा पाना लावून सगळे बोल्ट आवळावेत. आमच्या पाहण्यात ही शेवटची गोष्ट शंभरात नव्वद जण विसरतात.

वसतिगृहाची पेटी मात्र एका दिवसापुरती असते. तिला बोल्टची गरज नाही, पट्ट्याची आहे. आपल्याकडे दावे, सुतळी, नायलॉनची दोरी आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी असे चार प्रकार चालतात. नायलॉनची दोरी गुळगुळीत पत्र्यावरून सरकते आणि गाठही सुटते. नुसती रबरी ट्यूब ताणली जाते, त्यामुळे पेटी खड्ड्यात उडी मारते. ट्रकवाले ताडपत्रीवर लावतात तो कापडी पट्टा, ज्याला आवळायची कळ असते, तो सर्वांत चांगला. दोन पट्टे घ्यावेत. एक पेटीवरून आडवा, एक पुढून मागे, म्हणजे वरून पाहिले तर अधिकचे चिन्ह दिसेल. पट्टा पेटीच्या कडीत अडकवू नये. ती कडी दोन बारीक रिपिटांवर असते, हाताने उचलण्यापुरती. पट्टा पेटीला पूर्ण वेढून कॅरिअरला बांधावा. पेटीखाली गोणपाटाची घडी टाकली की ती सरकत नाही. बांधून झाल्यावर पेटी धरून जोरात हलवावी. पेटीबरोबर सगळी गाडी हलली तर बांधणी पक्की, नुसती पेटी हलली तर पुन्हा बांधावे.

आणि दोरीचे उरलेले टोक! धारूर घाटाच्या पायथ्याशी आम्ही एका तरुणाला उचलून दवाखान्यात नेले होते. पेटी सुटलीच नव्हती. दाव्याचे हातभर टोक लोंबत होते, ते साखळीत ओढले गेले आणि मागचे चाक जागीच थांबले. खांद्याचे हाड मोडले. ऊसतोडीची उचल घेतलेली, आणि हात गळ्यात. घरच्यांनी तो हंगाम कसा काढला ते तेच जाणोत. उरलेले टोक गुंडाळून पट्ट्याखाली खोचायला अर्धा मिनिट लागतो.

माता-भगिनींच्या पदराची आणि ओढणीची गोष्ट हीच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १२३ प्रमाणे मागे बसणाऱ्यासाठी धरायला दांडी, पाय ठेवायला जागा आणि मागच्या चाकाला निम्म्यापर्यंत झाकणारी जाळी असलीच पाहिजे. कित्येक जण बाजूला पेटी किंवा दुधाचे कॅन लावण्यासाठी ही साडीची जाळी काढून भंगारात घालतात. आजच तपासून पाहा, तुमच्या गाडीला ती आहे का?

याच नियमात २०२० साली पेटीबद्दल भर घातली गेली. दुचाकीवर हलकी पेटी लावता येते, पण ती लांबीला ५५, रुंदीला ५१ आणि उंचीला ५० सेंटिमीटरपेक्षा मोठी नसावी. पेटी मागच्या सीटवर असेल तर गाडीवर फक्त चालक. पेटी सीटच्या मागे असेल तरच दुसरा माणूस बसू शकतो. इंचात सांगायचे तर साधारण वीस इंचांची पेटी. बाजारातली चोवीस आणि तीस इंची पेटी या मापात बसत नाही. म्हणून पेटी विकत घेतानाच टेप घेऊन जावे. मोठी पेटी आडवी बांधली की ती हँडलच्याही बाहेर जाते, आणि ओलांडून जाणाऱ्या जीपला ती शेवटपर्यंत दिसत नाही.

मग मोठीच पेटी असेल तर? मुलगी एसटीने आणि पेटी गाडीवर. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे. आई आणि मुलगी एसटीने जातील, बाप एकटा पेटी घेऊन मागून येईल. यात कमीपणा काही नाही. पेटी मांडीवर घेऊन बसलेल्या मुलीला दांडी धरायला हात उरत नाही, हे एकदा तिच्या जागी बसून पाहावे.

झाकणाकडेही लक्ष द्यावे. बिजागरी पुढे आणि कोयंडा मागे, अशी पेटी ठेवावी. कोयंडा निघाला तरी वारा झाकण दाबून धरतो. उलटी ठेवली तर वारा झाकण उघडतो आणि दाखल्यांच्या झेरॉक्स रस्ताभर होतात. मूळ कागद, म्हणजे जातीचा दाखला, टीसी आणि गुणपत्रिका, पेटीत ठेवूच नयेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून अंगावरच्या बॅगेत ठेवावेत.

पेटी म्हटले की आमच्या गायन पार्टीच्या मंडळींना हार्मोनियम आठवते. वर्षावासात गावोगावी ग्रंथवाचनाला जाणारे उपासकही एका पेटीत 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म', माइक आणि पंचशील ध्वज घेऊन फिरतात. हार्मोनियमला हादरा सोसत नाही. तिच्या खाली आणि चारही बाजूंनी गोधडी ठासून भरावी आणि पेटी आतून जराही हलू देऊ नये. ध्वजाची काठी मात्र पेटीला आडवी बांधू नये. आम्ही पाहिले आहे, उत्साहात काठी चार फूट बाहेर असते. उसतोडीला मोटारसायकलवर निघणाऱ्यांनी कोयते बाहेर खोचू नयेत, गोणपाटात गुंडाळून पेटीच्या तळाला ठेवावेत.

निघण्यापूर्वी मागच्या टायरमध्ये हवा भरून घ्यावी. एकट्यासाठी किती आणि भारासाठी किती, हे पुस्तकात वेगवेगळे दिलेले असते. मागचा लाल दिवा, इंडिकेटर आणि नंबरप्लेट पेटीने झाकली तर नाही ना, ते पाच पावले मागे जाऊन पाहावे. हेल्मेट दोघांनाही. विम्याच्या कागदावर मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा आहे का ते वाचावे. पुष्कळांच्या कागदावर तो नसतो आणि ते कळते तेव्हा उशीर झालेला असतो. रस्त्यावर ताशी चाळीसच्या पुढे जाऊ नये, पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवावे, कारण भार असला की गाडी थांबायला जास्त जागा लागते. पहिल्या दहा किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा आवळावेत.

वसतिगृहाच्या दारात पोचल्यावर गाडी मेन स्टँडवर लावावी, साइड स्टँडवर नव्हे, आणि मुलीला पेटी धरायला सांगून मगच पट्टा सोडावा. परतीच्या वाटेला लागताना मागच्या चाकातली जादा भरलेली हवा कमी करावी, आणि पट्टे गुंडाळून सीटखाली ठेवावेत. दिवाळीच्या सुट्टीत पेटी पुन्हा घरी आणायची असते.