माणिक, नीलम आणि नजर

घरातला दागिना बँकेत गहाण ठेवायची वेळ ज्यांच्यावर आली असेल त्यांना ठाऊक असेल, की बँक खड्याचे पैसे देत नाही. सराफ दागिना तोलतो, कसोटीवर घासतो आणि मग खड्यांचे वजन अंदाजाने वजा करतो. एकदा एका बाईंनी आजेसासूची अंगठी माझ्या टेबलावर ठेवली. सराफाने त्यातले माणिक वजा केले, मी सही केली. "साहेब, खरं माणिक आहे हो," एवढेच त्या म्हणाल्या. नियमापुढे माझाही इलाज नव्हता. नोकरीची तीस-बत्तीस वर्षे मी असे खडे वजा करत काढली.

ही आठवण पुन्हा जागी झाली ती भाचीच्या चष्म्यामुळे. भाची चोवीस वर्षांची, चष्मा उणे आठ नंबरचा. सकाळी उठल्यावर उशीशेजारी चाचपडायचे, पावसात स्कूटर चालवताना काचा पुसत बसायचे, याला ती कंटाळली होती. "मामा, लेसरनं नंबर घालवायचा ठरवलंय. तू चल माझ्याबरोबर," ती म्हणाली. निवृत्त माणसाला सोबतीला न्यायला मुहूर्त लागत नाही. तिच्या तपासण्या चालल्या होत्या तोवर मी तिथली माहितीपत्रके वाचली, घरी येऊन पुस्तके काढली आणि एका ओळीपाशी थबकलो. जगातला पहिला लेसर किरण माणकातून निघाला होता!

लेसरचे बीज आइनस्टाइनच्या १९१७ सालच्या निबंधात आहे. उत्तेजित अणूजवळून योग्य तो प्रकाशकण गेला, की त्या अणूतून अगदी तसाच दुसरा कण बाहेर पडतो. एकाचे दोन, दोनाचे चार. चक्रवाढ व्याजच म्हणा ना! पण ही चक्रवाढ प्रत्यक्षात यायला त्रेचाळीस वर्षे लागली. १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियात ह्यूज कंपनीच्या प्रयोगशाळेत थिओडोर मेमन याने कृत्रिम माणकाच्या पेराएवढ्या कांडीवर दिव्याचा लखलखाट पाडला आणि तिच्यातून लाल किरण काढला. त्याचा निबंध एका नामांकित अमेरिकी नियतकालिकाने परत पाठवला, तो 'नेचर'ने छापला. पुढे बरीच वर्षे लेसरची थट्टा होत असे, की हे उत्तर तर सापडले आहे, आता प्रश्न शोधायचा.

रसायनशास्त्राच्या लेखी माणिक आणि नीलम ही सख्खी भावंडे. दोघेही ॲल्युमिनियम ऑक्साइडचे स्फटिक. क्रोमियमचा अंश मिसळला की माणिक, टायटॅनियम आणि लोह मिसळले की निळा नीलम. १९८२ साली अमेरिकेतल्या लिंकन प्रयोगशाळेत पीटर मोल्टन यांनी नीलमाच्या स्फटिकात नुसते टायटॅनियम घालून लेसर बनवला. या स्फटिकातून अनेक रंगछटा एकदम निघतात आणि त्या एकत्र बांधल्या की प्रकाशाचा अतिशय आखूड झोत मिळतो. इतका आखूड, की त्याचा काळ फेम्टोसेकंदांत मोजावा लागतो. सेकंदाला पृथ्वीभोवती साडेसात फेऱ्या होतील इतक्या वेगाने धावणारा प्रकाश एका फेम्टोसेकंदात केसाच्या जाडीचा शंभरावा भागही ओलांडत नाही!

अडचण एवढीच, की असा झोत फार बलवान केला तर ज्या स्फटिकातून तो जायचा तोच फुटे. यावर १९८५ साली रॉचेस्टर विद्यापीठात डॉना स्ट्रिकलंड ही विद्यार्थिनी आणि तिचे गुरू जेरार मुरू यांनी उपाय काढला. मला तो आवर्त ठेवीसारखा वाटतो. मोठी रक्कम एकदम पेलत नाही, म्हणून तिचे हप्ते पाडायचे, हप्त्यांवर व्याज चढू द्यायचे आणि मुदतीअखेर सगळे एकरकमी उचलायचे. त्यांनी झोत आधी ताणून लांब केला, मग त्याचे बळ वाढवले आणि शेवटी पुन्हा आखडला. या युक्तीला २०१८ साली नोबेल मिळाले.

यात डोळा कुठे आला? तो आला तोही आडवाटेने. न्यूयॉर्कजवळच्या आयबीएमच्या संशोधन केंद्रात मद्रासमध्ये जन्मलेले आर. श्रीनिवासन अतिनील लेसरने प्लॅस्टिक कोरण्याचे प्रयोग करत होते. १९८१च्या नोव्हेंबरात सणाच्या जेवणातला उरलेला टर्कीचा तुकडा त्यांनी प्रयोगशाळेत नेला आणि त्यावर तो किरण सोडला. मांस कुठेही न करपता रेखीव कापले गेले. दुसरी गोष्ट मिशिगनची. मुरू तोवर तिथे गेले होते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या प्रयोगशाळेतील एका विद्यार्थ्याच्या डोळ्यात चुकून फेम्टोसेकंद लेसर गेला. रॉन कुर्ट्झ या तरुण नेत्रवैद्याने डोळा तपासला, तर जखमा नेमक्या ठिपक्याएवढ्या, आजूबाजूला भाजल्याची खूण नाही. घाबरून जायच्या प्रसंगात त्याला शस्त्रक्रियेचे नवे हत्यार दिसले. आज फेम्टोसेकंद लेसर बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा पापुद्रा उचलतो आणि श्रीनिवासन यांच्या जातीचा लेसर आतल्या भागाला हवा तसा आकार देतो.

हे सगळे वाचून मी मोठ्या उत्साहाने भाचीबरोबर निकाल ऐकायला गेलो. डॉक्टरांनी कागद पाहिले आणि सरळ सांगितले, "लेसर नको. पडदा मुळात अर्धा मिलिमीटर जाडीचा असतो, तुझा त्याहून पातळ आहे. नंबर मोठा, म्हणजे जास्त घासावं लागेल. मागे उरेल तो पडदा दाब सोसणार नाही." डोळ्यात भिंग बसवण्याचाही एक मार्ग असतो, पण त्याचा विचार सवडीने करा, असेही ते म्हणाले. आयुष्यभर प्रस्तावांवर 'नामंजूर' लिहिलेल्या मला तो नकार पटला. पैसे चालून आलेले असताना नाही म्हणणारा माणूस विश्वासाचा. पण भाचीचे डोळे भरले. जिना उतरताना ती म्हणाली, "मग एवढ्या संशोधनाचा मला काय उपयोग, मामा?"

उत्तर मला लगेच सुचले नाही. आठवली ती माझी आजी. मी सहावीत असताना तिचा मोतीबिंदू काढला. डोके हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून तिला कित्येक दिवस उताणी निजवले होते. नंतर जाड भिंगाचा चष्मा लागला, त्यातून दाराची चौकट वाकडी दिसे. आज त्याच शस्त्रक्रियेनंतर माणूस संध्याकाळी घरी येतो. आजीच्या वेळी हे सारे कुठेतरी चाललेलेच होते, तिच्या वाट्याला आले नाही इतकेच.

आणि ते थांबलेले नाही. १९८७ साली फ्रान्समध्ये ॲन ल्युलिए यांनी वायूतून लेसर सोडताना काही विलक्षण तरंग टिपले. त्यातून पुढे फेम्टोसेकंदाहूनही आखूड, अ‍ॅटोसेकंदांत मोजावे लागणारे झोत हाती आले आणि २०२३ साली त्यांना पिएर अगोस्तिनी व फेरेन्क क्राऊस यांच्यासह नोबेल मिळाले. बातमी आली तेव्हा बाई वर्गात शिकवत होत्या. फोन घेऊन त्यांनी तास पूर्ण केला. क्राऊस यांचा गट आता अवरक्त लेसरखाली रक्तद्रव धरून त्यात आजाराची खूण शोधतो आहे. अडीच हजारांहून अधिक माणसांच्या नमुन्यांवरील त्यांचा अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला. फुप्फुसाचा कर्करोग ओळखण्यात ८१ टक्क्यांपर्यंत अचूकता आली. दवाखान्यात वापरायला ती पुरेशी नाही. पण सुरुवात आहे. आणि तो नीलमाचा लेसर? टेबलभर पसरणारे हे यंत्र २०२४ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात येलेना वुचकोविच यांच्या गटाने एका चकतीवर उतरवले, दहा हजार पटींनी लहान!

आता कबुली देतो. मेमन माझ्या शाखेत आला असता तर मी विचारले असते: तारण काय, हमीदार कोण, परतफेड कधी? यातल्या एकाचेही उत्तर त्याच्याकडे नव्हते. मी प्रस्ताव फेटाळला असता आणि बँकेच्या नियमांनी ते योग्यच ठरले असते. म्हणून तर अशा कामाला बँक पुरत नाही, समाजाची थैली लागते. आपल्या कुलाब्याच्या टाटा संस्थेच्या नावात 'मूलभूत' हा शब्द आहे, तो मला आता उगाच वाटत नाही. तिथेही नीलमाचे हे बलवान लेसर चालतात. त्यांचा उपयोग काय, हे विचारण्याची घाई आपण करू नये.

भाचीला मी घरी पोचल्यावर एवढेच म्हणालो, "हप्ते चालू आहेत गं, मुदत अजून भरायची आहे." तिला ते पटले की नाही कोण जाणे. तिने ओढणीच्या टोकाने चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि चहा टाकायला आत गेली. माझ्या डोळ्यांपुढे मात्र ती अंगठी होती. त्या बाईंनी वर्षभरात कर्ज फेडून ती सोडवून नेली होती. माझ्या सहीच्या कागदावर त्या माणकाची किंमत शून्य होती.