टेकडीवरचे दूरदेशीचे पाहुणे

पावसाळा सरून गवत पिवळे पडू लागले, की पुण्याच्या वेताळ टेकडीवर उत्तरेकडील थंड प्रदेशांतून पाहुणे उतरू लागतात. शेपटी अखंड थरथरविणारा थिरथिरा, झुडपांत दडून किडे टिपणारा वटवट्या, लाल कंठाचा माशीमार. या माशीमाराचे वजन अवघे 10 ग्रॅमच्या आसपास! याच सुमारास ग्लोब स्किमर नावाचे पिवळसर चतुर थव्यांनी दिसतात. हे चतुर भारतातून मालदीवमार्गे समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिका गाठत असावेत, असे चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने 2009 मध्ये मांडले.

या प्रवाशांच्या छायाचित्रणास सकाळची वेळ उत्तम. सूर्य पाठीशी ठेवून एका जागी स्थिर बसावे. गारव्याने जड झालेला चतुर काडीला लोंबकळत असतो. त्याच्या डोळ्यावर फोकस साधावा. उडता पक्षी टिपायचा, तर शटरचा वेग 1/1000 सेकंद वा त्याहून अधिक हवा.

परंतु चित्राच्या हव्यासापोटी कोणी मोबाइलवर पक्ष्याचीच शीळ वाजवून त्याला उघड्यावर आणतो, तर कोणी कीटकाला फ्रिजमध्ये ठेवून बधिर करतो. शरीरात साठविलेली चरबी हीच या पक्ष्यांची प्रवासाची शिदोरी. दचकून उडताना ती खर्ची पडते आणि ती पुन्हा साठविण्याचा वेळही वाया जातो.

म्हणून पक्ष्याने खाणे थांबवून मान उंचावली, की दोन पावले मागे सरावे. तो निर्धास्तपणे पुन्हा किडे टिपू लागला, की मगच कॅमेरा उचलावा.